लग्नातली बंदूक: ग्वाल्हेरच्या एका मोहल्ल्यातलं प्रकरण

हे टिपण लश्करमधल्या एका मोहल्ल्याचं आहे. गल्लीचं, कार्यालयाचं, माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. हर्ष फायर, म्हणजे आनंदाच्या भरात हवेत बंदूक उडवणं, बंद व्हावा असं वाटणारी मंडळं ग्वाल्हेरात पुष्कळ आहेत, पण हात कुठे घालायचा हे त्यांना कळत नाही. या मोहल्ल्यानं तो कुठे घातला, तिथे काय साधलं आणि काय फसलं, ते पुढे दिलं आहे.

पार्श्वभूमी

दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये किल्ल्याच्या पायथ्याजवळ तळ टाकला आणि त्या तळाचंच लश्कर झालं. सरदारांचे वाडे, वाड्यांभोवतीच्या गोठ म्हणजे वस्त्या, महाराज बाड्याकडे जाणाऱ्या गल्ल्या. मराठी घरं इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुलांचं बोलणं अर्धं हिंदी झालं तसं लग्नही अर्धं इथलं झालं. अंतरपाट, मंगलाष्टकं, सूनमुख आपलं. त्याआधीची घोडी, बँड, डोक्यावर दिवे घेतलेली पोरं आणि मागून ढकलला जाणारा जनरेटरचा ठेला हे सगळं इथलं. या बारातीबरोबर बंदूकही आली.

चंबळच्या खोऱ्यात १९६० मध्ये विनोबा फिरले. १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाशांसमोर बागींनी, म्हणजे खोऱ्यातल्या डाकूंनी, शस्त्रं खाली ठेवली. १९८३ मध्ये फुलनदेवी भिंडला शरण आली. बागी संपले, पण त्यांच्यापासून बचाव म्हणून घेतलेली परवान्याची बंदूक घरोघर राहिली आणि हळूहळू ती मिरवायची वस्तू झाली. परवान्याची ओढ केवढी, तर २००८ मध्ये शिवपुरी जिल्ह्यात प्रशासनानं नसबंदी करून घेणाऱ्याला परवान्यात प्राधान्य देऊ केलं. २०१९ मध्ये ग्वाल्हेरात परवाना हवा असेल तर दहा झाडं लावा अशी अट आली. बंदुकीसाठी इथला माणूस कशाकशाला तयार होतो, हे त्या अधिकाऱ्यांनी अचूक ओळखलं होतं.

मराठी घरांत मात्र एक समज पक्का बसला होता, की हर्ष फायर हा आपल्यातला प्रकार नव्हे, तो भिंड-मुरैन्याकडचा. हे खरं नाही. जुन्या सरदारी घरांत बंदुका होत्याच. खंडेनवमीला त्यांना गंध-फूल वाहिलं जाई आणि दसऱ्याला गच्चीवरून एखादा बार निघे. या प्रकरणातली दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक, अशाच एका मराठी घरातली.

काय घडलं

लग्नसराईचे दिवस, मोठा मुहूर्त. त्या रात्री शहरातलं एकही कार्यालय, एकही मॅरेज गार्डन रिकामं नव्हतं. बारात कार्यालयाच्या अलीकडच्या वळणावर थांबली, कारण तिथे रस्ता रुंद आहे आणि व्हिडिओवाल्याला तिथेच नाच घ्यायचा होता. नवरदेवाच्या मामांनी गाडीतून बारा बोरची दुनाली मागवली. परवाना त्यांच्याच नावावर. पहिला बार आकाशात गेला, टाळ्या पडल्या, व्हिडिओवाला म्हणाला, आणखी एक. दुसऱ्या बाराच्या वेळी नाचणाऱ्यांतला कुणीतरी मागून आदळला, नळी खाली आली आणि छर्रे ओळीत उभ्या असलेल्या एका दिवेवाल्या पोराच्या मांडीत आणि पोटरीत घुसले.

पोरगा सोळा-सतरा वर्षांचा. बारातीतले हे दिवे एकाच वायरनं एकमेकांना जोडलेले असतात आणि वायरचं टोक ठेल्यावरच्या जनरेटरला. धोका दिसला तरी दिवेवाल्याला बाजूला उडी मारता येत नाही. डोक्यावर ओझं आणि दोन्ही बाजूंना ओढ. तो कोसळला तसे शेजारचे दोन दिवे त्याच्यावर आले. काच फुटली, वायर तुटली, ती सगळी बाजू अंधारात गेली आणि मागच्या लोकांना वाटलं की जनरेटर बंद पडला. बँड आणखी थोडा वेळ वाजत राहिला.

मुहूर्त टळू नये म्हणून बारात पुढे सरकली. मुलीच्या धाकट्या काकांनी पोराला आपल्या गाडीत घातलं आणि जयारोग्य रुग्णालय गाठलं. त्या काकांना नंतर घरातच ऐकून घ्यावं लागलं. ‘तू कशाला मध्ये पडलास’, असं विचारणारे त्यांचे सख्खे होते.

पहिला निर्णय: मिटवायचं की नोंदवायचं

लग्न लागत असतानाच कार्यालयाच्या मागच्या खोलीत दुसरी बैठक बसली. पोराचे वडील भितरवारकडून आलेले हमाल. त्यांना निरोप जाऊन ते मध्यरात्रीपर्यंत पोचले होते. वरपक्षाकडून आलेला प्रस्ताव सरळ होता: औषधपाण्याचा सगळा खर्च आणि वर रोख रक्कम, पोरानं सांगायचं की फटाका फुटला.

हे टिकण्यासारखं नव्हतं. गोळीची जखम घेऊन माणूस रुग्णालयात आला की डॉक्टर ती वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून नोंदवतात आणि पोलिसांना कळवतात. छर्रे बाहेर काढून बाटलीत ठेवल्यावर फटाक्याची गोष्ट कोण ऐकणार? पण खोलीतल्या बऱ्याच जणांना खरोखर वाटत होतं की हे दोन घरांचं आपसातलं प्रकरण आहे आणि राजीनामा, म्हणजे आपसात तडजोड, झाली की संपलं.

वळण दिलं ते मुलीच्या मोठ्या काकूंनी. शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्या म्हणाल्या, “पैसे आत्ता द्या, सगळे द्या. पण त्या बदल्यात पोराच्या तोंडात शब्द घालू नका.” मदत आणि जबानी या दोन गोष्टी त्यांनी एकमेकींपासून सोडवल्या. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. एरवी अशा वेळी गरिबाला मिळणारा प्रत्येक रुपया त्याच्या गप्प बसण्याची किंमत म्हणून येतो, आणि मग पुढे मोहल्ल्यानं काहीही ठरवलं तरी त्याला पाया राहत नाही.

गुन्हा नोंदला गेला. मोहल्ल्याच्या मंडळातल्या वकिलांनी दुसऱ्या दिवशी दोन्ही घरांना कायदा समजावला. शस्त्र कायदा १९५९ चा. २०१९ च्या दुरुस्तीनं त्यात हर्ष फायर नावानिशी आला. लग्नात, धार्मिक ठिकाणी किंवा कुठल्याही समारंभात बंदूक उडवून लोकांचा जीव धोक्यात घातला, तर कलम २५(९) खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. कुणाला लागलंच पाहिजे अशी अट नाही. त्याशिवाय निष्काळजीपणानं गंभीर इजा केल्याचं भारतीय न्याय संहितेतलं कलम १२५. जिल्हाधिकारी परवाना निलंबित किंवा रद्द करू शकतात ते वेगळंच. शस्त्र कायद्याचा गुन्हा दोन घरांनी हात मिळवले म्हणून आपोआप मिटत नाही, हे ऐकल्यावर मामांच्या घरचे हादरले.

अडचण नेमकी कुठे होती

पंधरवड्यानं मंडळाच्या हॉलमध्ये सभा झाली. गणपतीला जमतात त्याहून जास्त माणसं आली, आणि त्यांत बिगरमराठी शेजारीही होते. पहिला तासभर जे बोललं गेलं ते नेहमीचंच: पोलिसांनी करावं, कलेक्टरांनी करावं, मुलांवर संस्कार नाहीत. मग कार्यालय चालवणारे गृहस्थ उठले. त्यांनी सांगितलं की ‘शस्त्र आणण्यास सक्त मनाई’ ही पाटी त्यांच्या फाटकावर कित्येक वर्षं आहे. पण बार निघतात ते फाटकाबाहेर, रस्त्यावर. पाटीपर्यंत बारात पोचते तेव्हा बंदूक गाडीत परत गेलेली असते.

चौकीवरचे एक हवालदार सभेला आले होते. त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. मोठ्या मुहूर्ताच्या रात्री त्यांच्या हद्दीत एकाच वेळी इतक्या बाराती निघतात की प्रत्येकीमागे शिपाई देणं शक्यच नाही. पोलीस पोचतात ते गोळी सुटल्यावर.

आणि बंदूक हातात आलेली असताना थांबवणार कोण? इथे सभा जरा गप्प झाली. लग्नात बंदूक उडवतो तो बहुतेकदा मानाचा माणूस असतो. मुलाचा मामा, आत्याचे यजमान, घरचा जावई. मुलीकडच्यांनी त्याला अडवलं तर मुलीला पुढे आयुष्यभर ऐकावं लागेल ही भीती. मुलाकडच्यांनी अडवलं तर मामा रुसून मंडपाबाहेर. पोटात दारू गेलेली, समोर कॅमेरा, भोवती पोरंटोरं ‘और एक, और एक’ करताहेत. त्या क्षणी शहाणपण सांगायला जाणं धोक्याचंही आहे.

मोहल्ल्यातल्या एक डॉक्टर बाई साथरोगशास्त्र शिकलेल्या. त्यांनी शिकागोचं उदाहरण दिलं. तिथे गॅरी स्लटकिन नावाच्या साथरोगतज्ज्ञानं २००० साली वेस्ट गारफील्ड पार्क या भागात काम सुरू केलं. विचार असा, की गोळीबार साथीसारखा पसरतो. एकाला गोळी लागली की सूड म्हणून दुसरी सुटते. म्हणून ज्यांचा शब्द त्या पोरांत चालतो अशी वस्तीतलीच माणसं पुढच्या गोळीआधी मध्ये घालायची. बोस्टनमध्ये १९९६ पासून पोलीस, चर्च आणि वस्ती यांनी मिळून पाहिलं, की बहुतेक गोळीबार मूठभर टोळक्यांकडूनच होतो. त्यांनी त्या मूठभरांनाच समोर बसवून बोलणं सुरू केलं.

सभेत लगेच हरकत आली, की तिथे टोळ्या आहेत, सूड आहे, इथे तर आनंदाचा बार. हरकत योग्यच होती. आमच्या बाराती आणि शिकागोचे रस्ते यांत साम्य फार थोडं. पण डॉक्टर बाईंनी त्यातून दोनच प्रश्न उचलले: बंदूक काढणारा हा माणूस कुणाचं ऐकतो, आणि त्या कुणाला आपण केव्हा गाठायचं? मग गेल्या काही सरायांतली लग्नं आठवून पाहिली. बार कुणी काढले याची उत्तरं फिरून फिरून त्याच पाच-सात घरांवर येत होती. पूर्ण मोहल्ल्याला उपदेश करण्याची गरज नव्हती.

समोर असलेले पर्याय

रॅली आणि शपथ हा पहिला पर्याय. शाळेच्या मुलांच्या हातात फलक, बाड्यावर सामूहिक शपथ, फोटो. कुणाचाच विरोध नव्हता, त्यातच त्याची कमजोरी दिसली. बंदूकवाल्या घरांनीही आनंदानं फलक धरला असता.

सगळ्यांचे परवाने रद्द करण्यासाठी निवेदन देणं हा दुसरा. तरुणांना तो आवडला. पण परवानाधारकांत शेती सांभाळणारे, सराफ्यात रोकड ने-आण करणारे, बँकेत पहारा देणारे, सगळेच आहेत. सरसकट मागणी केली असती तर ज्यांचा शब्द चालतो ती ज्येष्ठ माणसं पहिल्याच दिवशी दुसऱ्या बाजूला गेली असती.

बहिष्कार, म्हणजे बार निघाला की सगळ्यांनी न जेवता उठून जायचं. हे बोलायला सोपं. मुलीच्या बापाची पंगत मोडायची आणि बंदूकवाल्याचं काहीच बिघडायचं नाही, म्हणून बायकांनी तो तिथल्या तिथे खोडून काढला.

उरला तो शेवटचा. लग्न ठरतं त्या दिवसापासून दारात बारात येईपर्यंत जिथे जिथे कागद लिहिला जातो किंवा पैसा हात बदलतो, तिथे तिथे बंदुकीचा विषय काढायचा. हातात बंदूक नसताना, दारू नसताना, दिवसाउजेडी.

काय केलं

सुरुवात याद्यांपासून झाली. साखरपुड्याच्या वेळी देण्याघेण्याच्या, मानपानाच्या याद्या होतात, दोन्हीकडचे वडीलधारे त्यावर सह्या करतात. त्यात एक ओळ वाढली: वरातीत व मांडवात कोणाही पाहुण्याकडे शस्त्र असणार नाही, याची जबाबदारी अमुक यांची. अमुकच्या जागी दोन्ही पक्षांचं एकेक नाव. नाव कुणाचं घालायचं यावर मंडळाचा कटाक्ष होता. वरपक्षाकडून शक्य तो तोच मामा किंवा तेच फूफाजी, ज्यांच्या घरी बंदूक आहे. अडवल्यावर ज्याचा अपमान होतो त्यालाच अडवणारा करून टाकायचं. ही युक्ती एका आजोबांची होती. मला ती अजूनही फार मोलाची वाटते.

पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ छापण्याची आपली रीत आहेच. तिथे ‘आहेर व शस्त्र आणू नये, ही नम्र विनंती’ असं आलं. दोन-तीन घरांनी नाकं मुरडली, शुभ कागदावर शस्त्राचं नाव कशाला म्हणून. पण भटजींनीच सांगितलं, की बोहल्यावर शालू नेसलेली मुलगी बसलेली असताना बाहेर रक्त सांडणं त्याहून अशुभ. मग वाद मिटला.

सर्वांत जास्त वेळ बँडवाल्यांवर गेला, आणि तो कारणी लागला. बँडमास्तरांची आणि मोहल्ल्याची बोलणी तीन-चारदा फिसकटली. मागणी होती, ‘बंदूक दिसली की बाजा बंद’. विचार असा, की बार काढण्यामागे सगळा जोर नाचाचा आणि कॅमेऱ्याचा. ढोल थांबला की पाय थांबतात, आणि हातात बंदूक घेऊन शांत रस्त्यावर उभा राहिलेला माणूस एकाएकी सगळ्यांना दिसतो. बँडवाल्यांना हे पटत होतं. त्यांच्या माणसांच्या अंगावर छर्रे पहिल्यांदा येतात; एका मास्तरांच्या कानाचा पडदा जवळून झालेल्या बारानं गेलेला. प्रश्न पोटाचा होता. बँडला विसार थोडा मिळतो, उरलेली रक्कम बारात दारात आल्यावर वरपक्ष देतो. बाजा थांबवला तर ती रक्कम बुडाली आणि वर मार.

तोड कार्यालयवाल्या गृहस्थांनी काढली. बँडची उरलेली रक्कम वरपक्षानं आदल्या दिवशी कार्यालयात जमा करायची. बारात आली की कार्यालय ती बँडला देणार, वाटेत बाजा थांबला असला तरी. बँडचा पैसा बंदूकवाल्याच्या मर्जीतून बाहेर पडला. दिवेवाल्यांसाठीही एक नियम झाला: बँडपासून अंतर ठेवायचं आणि नाच सुरू असताना वायर ठेल्याकडच्या बाजूनं सैल सोडायची, म्हणजे पोराला निदान मागे सरता येईल.

कार्यालयाच्या बुकिंगच्या कागदात अनामत आली. फाटकाच्या आत किंवा बाहेरच्या वळणापर्यंत बार निघाला तर अनामत जप्त, आणि कॅमेऱ्यातलं चित्रण पोलिसांकडे.

आणि ज्या पाच-सात घरांचं नाव येत होतं त्यांच्याकडे मंडळी घरी जाऊन आली. वकिलांनी तिथे सर्वोच्च न्यायालयाचा मार्च २०२० चा निकाल मराठीत समजावून सांगितला. उत्तराखंडातलं २००७ मधलं लग्न, परवान्याची बंदूक, आनंदाचा बार, दोन माणसं गेली. कुणाला मारण्याचा हेतू नव्हता हे न्यायालयानं मानलं, म्हणून खुनाचं कलम काढलं. पण गर्दीत बंदूक झाडणाऱ्याला परिणाम माहीत असतोच, म्हणून सदोष मनुष्यवधाखाली दहा वर्षांची सक्तमजुरी ठेवली. स्वसंरक्षणासाठी किंवा शेती-गुरांच्या राखणीसाठी दिलेली परवान्याची बंदूक समारंभात उडवायची नसते, हेही बजावलं. ‘चुकून लागलं’ ही ढाल पुरत नाही, हे घरच्या बायकांसमोर सांगितलं गेल्याचा परिणाम वेगळा झाला. एका घरात आजींनी त्याच संध्याकाळी काडतुसांची पेटी आपल्या कपाटात घेतली.

कसोटी

पुढच्या तुळशीची लग्नं लागली आणि सराई सुरू झाली. पहिली काही लग्नं शांतपणे पार पडली. मग एक बारात मुरैन्याकडून आली. नवरदेवाच्या मित्रानं गाडीतून ३१५ बोरची रायफल काढली आणि बँडमास्तरनं हात वर केला. एका ठेक्यावर सगळं थांबलं. “बाजा बंद क्यों किया?” अशी आरडाओरड, मास्तरांची कॉलर धरली गेली, घोडी बिचकली. याद्यांवर सही केलेले मुलाचे मामा मागच्या गाडीत होते. ते उतरून पुढे आले आणि मित्राला म्हणाले, सही माझी आहे, उद्या पोलीस माझ्याकडे येतील. ठेव ती गाडीत. मित्रानं ठेवली. पाव तास गेला असेल. चार-सहा जण रागावून न जेवता गेले. बँडचे पैसे ठरल्याप्रमाणे कार्यालयानं दिले, आणि ही बातमी शहरातल्या बाकीच्या बँडवाल्यांत पोचायला दुसरा दिवसही लागला नाही.

त्याच सराईत दुसरं लग्न मात्र हातातून गेलं. वरपक्षानं बँड घेतलाच नाही. गाडीवर डीजे बांधून आणला. डीजेवाला बाहेरगावचा, त्याच्याशी कुणाचं बोलणं झालेलं नव्हतं. वळणावर दोन बार निघाले. सुदैवानं कुणाला लागलं नाही. कागदाप्रमाणे अनामत जप्त झाली, आणि तेव्हा लक्षात आलं की ती अनामत मुलीच्या वडिलांची होती. कार्यालय वधूपक्ष घेतो, कागदावर सही त्यांची, बार काढला वरपक्षाच्या पाहुण्यानं आणि दंड भरला मुलीच्या बापानं. मुलीची आई कार्यालयात येऊन जे बोलली ते ऐकणाऱ्यांना खाली मान घालावी लागली.

इथे दुसरा मोठा निर्णय घ्यावा लागला. अट शिथिल करायची की बदलायची? काहींचं मत होतं की एकदा सूट दिली तर सगळं संपलं. शेवटी पैसे मुलीकडच्यांना परत गेले आणि नियम बदलला: अनामत दोन्ही पक्षांची, अर्धी-अर्धी, आणि ज्याच्या पाहुण्यानं बार काढला त्याचीच जप्त. वरपक्षाकडून अनामत घेणं आपल्या रीतीत बसत नाही म्हणून कुरकुर झाली. काही घरांनी दुसरं कार्यालय पाहिलं. कार्यालयवाल्यांनी तो तोटा सोसला, आणि त्याबद्दल मोहल्ल्यानं त्यांचे आभार मानायला हवेत.

निष्पत्ती

त्या वळणावरचे बार थांबले. पुढच्या सराईत मोहल्ल्यात एकही बार ऐकू आला नाही. रात्री पोरांना घेऊन गच्चीवर बारात बघायला उभ्या राहणाऱ्या बायकांना हा फरक सर्वांत आधी कळला. खंडेनवमीला बंदुका अजूनही पुजल्या जातात, पण काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेवून. आसपासच्या दोन कार्यालयांनी अनामतीचा कागद उचलला.

पण काही ठिकाणी बार नुसते सरकले. ज्यांना उडवायचेच होते त्यांनी शहराबाहेरची मॅरेज गार्डनं धरली. तिथे ना वळण, ना ओळखीचा बँड, ना शेजारी. एका मोहल्ल्याच्या प्रयत्नाची ही मर्यादा आहे आणि ती सांगितली पाहिजे.

मामांचा परवाना निलंबित झाला, दुनाली पोलिसांत जमा आहे, खटला चालू आहे. त्यांनी न्यायालयात फटाक्याची गोष्ट सांगितलेली नाही. मोहल्ल्यातल्या दोन घरी ते स्वतः मंडळींबरोबर बोलायला गेले, आणि त्यांचं बोलणं वकिलांनी समजावलेल्या निकालापेक्षा जास्त ऐकलं गेलं असं तिथल्या लोकांनी सांगितलं.

पोराचा पाय वाचला. काही छर्रे खोल आहेत म्हणून डॉक्टरांनी ते तसेच राहू दिले. थंडीत पाय आखडतो. डोक्यावर दिवा घेऊन तासन्‌तास चालणं आता त्याला जमत नाही. मंडळानं जमवलेल्या पैशांतून तो मोबाइल दुरुस्ती शिकला आणि बाड्याजवळच्या एका दुकानात बसतो.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या सभेला दिवेवाले, ठेलेवाले, घोडीवाले यांना बोलावलंच नव्हतं. ज्यांच्या अंगावर गोळी येते त्यांचं म्हणणं मागाहून, बँडमास्तरांच्या मार्फत कळलं. वायर सैल सोडण्याची कल्पना एका दिवेवाल्याचीच होती. तो पहिल्या दिवशी हॉलमध्ये असता तर पहिल्या लग्नापासून ती वापरात आली असती. पोराच्या वडिलांनाही मदत मिळाली, पण निर्णयाच्या खोलीत जागा मिळाली नाही. हे बदलायला हवं.

डीजेवाल्यांचा विचार आधीच व्हायला हवा होता. बँडचा ठेका एका माणसाच्या हाताच्या इशाऱ्यावर थांबतो. डीजे गाडीतल्या ज्या पोराच्या हाती असतो तो मालकाचा नोकर, त्याला थांबवण्याचा अधिकार नसतो. त्यांच्याशी बोलणी मालकांच्या पातळीवर आणि गाडी ठरवतानाच व्हावी लागतात. हे काम आता सुरू झालं आहे.

अनामतीचा भार कुणावर पडेल, हे नियम लिहिताना मुलीकडच्या बायकांना विचारलं असतं तर त्यांनी दोन मिनिटांत सांगितलं असतं. सभेत त्या होत्या. कागद लिहायला मात्र तिघे पुरुष बसले होते.

आणि सर्वांत मोठी उणीव अशी, की हा सगळा प्रयत्न परवान्याच्या बंदुकीभोवती फिरला. परवानाधारकाला काहीतरी गमवायचं असतं: परवाना, नाव, सोयरीक. कट्टा, म्हणजे बिनपरवान्याचं गावठी पिस्तूल, बाळगणाऱ्या विशीतल्या पोराला यातलं काहीच नसतं. तो याद्यांवर सही करत नाही, अनामत भरत नाही. रीलमध्ये कट्टा दाखवतो आणि वाढदिवसाला उडवतो. त्याला मामाचं भय नाही. शिकागोकडून घेतलेला प्रश्न इथे नव्यानं विचारावा लागणार आहे: हा पोरगा कुणाचं ऐकतो? व्यायामशाळेचे उस्ताद, ढोलपथकातले मोठे दादा, गाड्या दुरुस्त करणारे मिस्त्री अशी काही नावं पुढे आली आहेत आणि त्यांतल्या दोघांनी बोलायला होकार दिला आहे. मंडळातल्या काही ज्येष्ठांना मात्र अशा पोरांना हॉलमध्ये बसवणं अजून मान्य नाही. गणपतीच्या आधी या एका मुद्द्यावर पुन्हा सभा होईल, आणि यावेळी दिवेवाल्यांनाही निरोप गेला आहे.